‘पोषणपूरक’ या एका शब्दाचा दावा: दुर्मिळ चयापचय विकाराच्या आहारोपचाराला विमा मिळवताना

विमा कंपनीचे पत्र अवघे पाऊण पानाचे होते. दाव्यात नमूद केलेला पदार्थ हा ‘पोषणपूरक आहार’ असून पॉलिसीच्या अपवाद-सूचीनुसार अन्न, आहारपूरके आणि जीवनसत्त्वे यांचा खर्च देय नाही, असे त्यात म्हटले होते. शिवाय तो पदार्थ नळीवाटे दिला जात नाही आणि रुग्णाच्या पोषणाचा तो एकमेव स्रोतही नाही, अशी आणखी दोन कारणे जोडलेली होती. तिन्ही कारणे पॉलिसीच्या शब्दांना धरून होती. ज्या मुलीच्या दाव्याला हे उत्तर आले होते ती तेव्हा 8 महिन्यांची होती, आणि पत्राने ज्याला आहारपूरक म्हटले होते ती पावडर थांबवली असती तर काही दिवसांतच तिच्या मेंदूला सूज येण्याचा धोका होता.

चयापचय विकारांच्या बाह्यरुग्ण विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे प्रकरण पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होते. ते सविस्तर मांडण्याचे कारण असे, की दावा फेटाळला जाण्यात कंपनीच्या नियमांचा जेवढा वाटा होता तेवढाच आमच्या विभागाच्या कागदपत्रांचाही होता, आणि तो दोष आम्हाला दुरुस्त करता येण्यासारखा होता. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

आजार आणि पहिला महिना

मुलीला मेपल सिरप युरिन डिसीज, म्हणजे एमएसयूडी, हा आनुवंशिक विकार आहे. जॉन मेंकेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. रुग्ण बाळाच्या लघवीला जळक्या साखरेसारखा गोडसर वास येतो, त्यावरून हे नाव पडले. सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे 1 लाख 85 हजार जन्मांमागे एक बाळ असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्ले आपण खातो त्या जवळजवळ प्रत्येक प्रथिनात असतात. त्यांचे विघटन करणारे विकर-संकुल (एन्झाइमांचा समूह) या बाळांमध्ये काम करत नाही, म्हणून ती आम्ले रक्तात साचत जातात. त्यांतले ल्युसीन मेंदूसाठी सर्वांत घातक असते.

जन्मानंतर चार दिवस सारे ठीक वाटले. पाचव्या दिवशी बाळाने दूध ओढणे कमी केले, मग अंग सैल पडू लागले आणि मधूनच ते धनुष्यासारखे ताठ होऊ लागले. नवव्या दिवशी निदान झाले तेव्हा रक्तातील ल्युसीन 2,340 मायक्रोमोल प्रति लिटर होते. या वयात ते 75 ते 200 च्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. कानातील मळालाही तोच गोड वास येत होता. डायलिसिस करावे लागले, अतिदक्षता विभागात मुक्काम झाला आणि 26 दिवसांनी बाळ घरी गेले. हा सगळा खर्च विमा कंपनीने विनाहरकत दिला, आणि त्यात एका विशेष पावडरीचाही खर्च होता. ती तीन अमिनो आम्ले वगळून बाकीची सर्व अमिनो आम्ले, ऊर्जा, जीवनसत्त्वे आणि खनिजे असलेले हे मिश्रण रुग्णालयात नाकातील नळीवाटे दिले जात होते आणि रुग्णालयाच्या बिलात ते ‘औषधे व साहित्य’ या सदराखाली आले होते. घरी गेल्यावर तीच पावडर बाटलीतून पाजली जाऊ लागली, आणि पुढच्या 6 महिन्यांच्या डब्यांचा दावा आई-वडिलांनी पाठवला तेव्हा वर सांगितलेले पत्र आले.

आमच्या चिठ्ठीतील चूक

पत्र हाती आल्यावर मी आमचीच जुनी चिठ्ठी काढून पाहिली. त्यावर लिहिले होते: ‘पोषणपूरक पावडर, दिवसातून 4 वेळा’. निदानाचे नाव होते, पण पावडरीचा आणि निदानाचा संबंध कोठेही लिहिलेला नव्हता. दिवसाची मात्रा ग्रॅममध्ये नव्हती आणि ती न दिल्यास काय होईल याविषयी एक अक्षरही नव्हते. रोज वापरून गुळगुळीत झालेला शब्द आम्ही लिहून टाकला होता. दावा तपासणाऱ्या अधिकाऱ्याने तो शब्द अपवाद-सूचीत शोधला असणार, आणि तो तेथे होता. त्या अधिकाऱ्याला दोष देणे मला जमत नाही.

‘पूरक’ हा शब्द येथे केवळ अपुरा नाही, तो चुकीचा आहे. पूरक म्हणजे मुख्य जेवणात भर घालणारे. या मुलीच्या बाबतीत मुख्य आहारच ही पावडर आहे आणि घरचे जेवण हीच त्यात मोजून घातलेली भर आहे. आम्ही उलटे लिहिले होते.

पहिल्या अपिलात आम्ही चिठ्ठी बदलली नाही, तर तिच्यासोबत दोन ओळींचे शिफारसपत्र जोडले: ‘सदर पावडर रुग्णासाठी अत्यावश्यक आहे.’ अत्यावश्यक का, याचे उत्तर त्यात नव्हते. मुलगी 10 महिन्यांची असताना ते अपीलही फेटाळले गेले. कारणे तीच होती.

हा अन्न-औषधाचा घोळ आला कोठून

कंपनीच्या नियमाची मुळे समजून घेतल्याशिवाय पुढचे अपील लिहिता आले नसते, म्हणून येथे थोडे मागे जावे लागेल. या उपचारपद्धतीचा आरंभ एमएसयूडीमध्ये नव्हे, तर फिनाइलकिटोन्युरिया या विकारात झाला. नॉर्वेतील आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी 1934 मध्ये तो ओळखला आणि 1953 मध्ये हॉर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅममध्ये एका लहान मुलीवर पहिल्यांदा आहाराने उपचार करून दाखवले. दुधातील केसिन या प्रथिनाचे आम्लाने विघटन करून, कोळशातून गाळून त्यातील फिनाइलअॅलनीन, म्हणजे या विकारात शरीरात साचत जाणारे अमिनो आम्ल, काढून टाकलेले ते मिश्रण होते. प्रयोगशाळेत, रसायनशास्त्राच्या पद्धतीने, एका विशिष्ट आजारासाठी तयार केलेल्या त्या वस्तूला अन्न म्हणावे असे तेव्हा कोणाला सुचले असेल असे वाटत नाही. एमएसयूडीवर आहारोपचार शक्य असल्याचे सेल्मा स्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये दाखवले.

अमेरिकेत फिनाइलकिटोन्युरियाचे असे एक मिश्रण 1972 पर्यंत औषध म्हणून नोंदलेले होते. त्या वर्षी ते ‘विशेष आहारासाठीचे अन्न’ या गटात नेण्यात आले, जेणेकरून अशी उत्पादने औषधांच्या कठोर मंजुरीप्रक्रियेत न अडकता लवकर तयार व्हावीत आणि सहज मिळावीत. पुढे 1988 च्या कायद्यात ‘वैद्यकीय अन्न’ अशी वेगळी व्याख्या आली: डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ज्या आजारात पोषणाच्या गरजाच वेगळ्या असतात त्या आजाराच्या व्यवस्थापनासाठी बनवलेले अन्न. निर्मितीच्या दृष्टीने हे पाऊल चांगलेच होते. पण विम्याच्या कागदांत ‘औषध’ आणि ‘अन्न’ असे दोनच रकाने असतात, आणि औषधाच्या रकान्यातून बाहेर काढलेली वस्तू आपोआप दुसऱ्या रकान्यात जाऊन पडते. ब्रिटनने यावर वेगळी वाट काढली. तेथे सीमारेषेवरील पदार्थांसाठी एक सल्लागार समिती आहे. कोणते अन्न कोणत्या आजारात औषधासारखे लिहून देता येईल हे ती सुचवते, आणि चयापचय विकारांची मिश्रणेच नव्हे तर अल्पप्रथिन पीठ व पाव यांसारखे पदार्थही त्या यादीत येतात. मला ही वाट अधिक शहाणपणाची वाटते, कारण तीत वस्तू अन्न आहे की औषध हा वाद मिटवावाच लागत नाही. ती कोणाला आणि कशासाठी दिली आहे एवढेच पाहिले जाते.

वही

पहिल्या अपिलानंतरचे वर्ष मुलीच्या आई-वडिलांनी पदरमोड करून काढले. दर पंधरवड्याला फिल्टर पेपरवर घेतलेला रक्ताचा थेंब प्रयोगशाळेत जात असे. सुरुवातीचे आकडे 150 ते 190 च्या दरम्यान असत. मग ते 260 झाले, 340 झाले. मी फोनवर विचारायचे तेव्हा आई म्हणायची, “ताई, सगळं तुम्ही सांगितलंय तसंच चाललंय.”

मुलगी 22 महिन्यांची असताना तिला साधा ताप आला. दुसऱ्या दिवशी उलट्या, तिसऱ्या दिवशी चाल अडखळू लागली आणि ती पेंगुळली. दाखल केले तेव्हा ल्युसीन 1,180 होते. 8 दिवस ती रुग्णालयात राहिली, त्यांतले 3 अतिदक्षता विभागात. या संपूर्ण मुक्कामाचे बिल कंपनीने मंजूर केले, आणि त्यातही ती पावडर होती.

घरी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आईने पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. दोनशे पानी, आडव्या रेघांची, कोपरे दुमडलेले. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले होते: वेळ, काय खाल्ले, त्यातील ल्युसीन किती मिलिग्रॅम, आणि पावडरीचे चमचे. शेवटच्या रकान्यात गेल्या 5 महिन्यांपासून 6 च्या जागी 5 लिहिलेले होते. काही पानांवर समासात बारीक अक्षरात नोंद होती: ‘डबा 3 दिवस पुरवायचा आहे.’ कमी पडलेल्या चमच्याची भूक घरच्या जेवणाने भागवली जात होती, आणि तेही तिने प्रामाणिकपणे मिलिग्रॅममध्ये लिहून ठेवले होते. 5 महिने माझ्यापासून लपवलेली गोष्ट तिने स्वतःपासून एकदाही लपवली नव्हती.

ही वही अपिलाला जोडावी की नाही, यावर आमच्या विभागात बराच वेळ चर्चा झाली. मुलीची प्रकृती बिघडण्याचा आणि नाकारलेल्या दाव्याचा थेट संबंध दाखवणारा दुसरा कोणताही पुरावा आमच्याकडे नव्हता. पण त्याच वहीवरून ‘पालकांनी सल्ला पाळला नाही’ असा अर्थ काढणेही सोपे होते, आणि अशा शेऱ्याची पुढे त्यांना झळ पोहोचू शकत होती. निर्णय आम्ही घेतला नाही. आई-वडिलांना दोन्ही शक्यता समजावून सांगितल्या आणि वही त्यांच्या हाती परत दिली. तीन दिवसांनी वडील ती घेऊन आले. म्हणाले, “जोडा. खोटं काहीच नाहीये त्यात.”

दुसरे अपील

या वेळी आम्ही विशेषणे टाळली आणि हिशेब मांडला. तोच येथे जसाच्या तसा देतो, कारण माझ्या मते प्रकरण त्यावरच फिरले.

मुलीचे वजन 12 किलो. या वयाच्या एमएसयूडी रुग्णाला दर किलोमागे साधारण 1.5 ते 2.5 ग्रॅम प्रथिने लागतात. तिच्यासाठी आम्ही 2 ग्रॅम धरली, म्हणजे दिवसाला 24 ग्रॅम. तिच्या रक्ततपासण्यांवरून तिला दिवसाला सोसणारे ल्युसीन 600 मिलिग्रॅम एवढेच ठरले होते. नैसर्गिक अन्नातील प्रथिनाच्या एका ग्रॅममध्ये सरासरी 80 मिलिग्रॅम ल्युसीन धरले, तर घरच्या अन्नातून तिला फक्त 7.5 ग्रॅम प्रथिने घेता येतात. एका अंड्यात जवळपास 540 मिलिग्रॅम ल्युसीन असते. एक पेला दूध तिची दिवसभराची मर्यादा ओलांडून जाते. उरलेली 16.5 ग्रॅम प्रथिने, म्हणजे गरजेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक, ल्युसीन नसलेल्या मिश्रणातूनच येऊ शकतात, आणि तिच्या मिश्रणाच्या 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम प्रथिनांइतकी अमिनो आम्ले असल्याने रोजची मात्रा 66 ग्रॅम होते. वर्षाला सुमारे 24 किलो.

नवी चिठ्ठीही याच भाषेत लिहिली: ‘ल्युसीन, आयसोल्युसीन व व्हॅलीन वर्ज्य असलेले वैद्यकीय उपचारमिश्रण, रोज 66 ग्रॅम, चार समान मात्रांत, तोंडावाटे, एमएसयूडीचा मूळ उपचार, खंडित करू नये.’

अपील दाखल झाल्यावर कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आमच्याशी दूरध्वनीवर बोलण्याची तयारी दाखवली. ते बालरोगतज्ज्ञ होते, सौजन्याने बोलत होते आणि त्यांनी एक अगदी रास्त प्रश्न विचारला: ल्युसीन प्रथिनांतून येत असेल, तर प्रथिने कमी खाल्ली म्हणजे झाले; त्यासाठी ही महागडी पावडर कशाला? हा प्रश्न मला पुष्कळदा ऐकावा लागतो, नातेवाइकांकडून आणि कधी डॉक्टरांकडूनही. त्याचे उत्तर या आजाराच्या गाभ्यात आहे. शरीराला बाहेरून पुरेशी अमिनो आम्ले आणि ऊर्जा मिळाली नाही, की ते स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवते, आणि स्नायूंच्या प्रथिनांत ल्युसीन भरपूर असते. म्हणजे मुलीने काहीही न खाता नुसता उपास केला तरी तिच्या रक्तातील ल्युसीन वाढतच जाईल. तापात ती बिघडली ती याच मार्गाने. उलट मिश्रणातील बाकीची अमिनो आम्ले मिळत राहिली, की शरीर नवी प्रथिने बांधू लागते आणि त्या बांधणीत रक्तातले साचलेले ल्युसीन खर्ची पडते. पावडर ल्युसीनची पातळी खाली आणते. अतिदक्षता विभागात ती नळीवाटे देतात ती भूक भागवण्यासाठी नव्हे, याच कामासाठी.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, “म्हणजे एक चमचा कमी म्हणजे मात्रेपेक्षा कमी औषध?” मी म्हटले, “हो, नेमके तेच.”

त्याच संभाषणात त्यांनी यकृत-प्रत्यारोपणाचा पर्याय विचारला, कारण अवयव-प्रत्यारोपण त्यांच्या पॉलिसीत समाविष्ट होते. तो पर्याय खरा आहे. नव्या यकृतातून पुरेसे विकर मिळते आणि बहुतेक रुग्ण नेहमीचे जेवण घेऊ शकतात. इतकेच नव्हे, तर एमएसयूडीच्या रुग्णाचे काढलेले यकृत हा विकार नसलेल्या दुसऱ्या रुग्णाला बसवता येते, कारण त्या व्यक्तीच्या बाकीच्या शरीरात हे विकर शाबूत असते. पण प्रत्यारोपण म्हणजे मोठी शस्त्रक्रिया आणि जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे. कुटुंबाने तो मार्ग सर्व बाजूंनी विचार करून निवडला तर आम्ही त्यांच्या पाठीशी उभे राहू, परंतु पावडरीचे पैसे मिळत नाहीत म्हणून मुलीचे यकृत बदलावे लागणे, याला मी वैद्यकीय निर्णय म्हणू शकत नाही. हे वाक्य मी अपिलातही लिहिले होते. सहकाऱ्यांना ते जरा कठोर वाटले, तरी मी काढले नाही.

निकाल

कंपनीने अपील स्वतः मान्य केले नाही, पण ते बाहेरील स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाकडे पाठवले. परीक्षक चयापचय विकारांचे जाणकार होते आणि त्यांचा अभिप्राय दीड पानाचा आला. मिश्रण हे अपवाद-सूचीतील ‘आहारपूरक’ या अर्थात बसत नाही. नळीची अट ही पदार्थ पोटात कसा जातो याविषयी आहे, तो कशासाठी दिला जातो याविषयी नाही. आणि ‘एकमेव स्रोत’ ही अट या आजाराला लावताच येत नाही, कारण मिश्रणात ल्युसीन मुळीच नसते, वाढीसाठी ते थोडे लागतेच आणि म्हणून काही नैसर्गिक अन्न देणे हा उपचाराचाच भाग आहे. हा तिसरा मुद्दा आम्हाला सुचला नव्हता. वहीविषयी त्यांनी एकच वाक्य लिहिले होते: पालकांच्या नोंदी सुसंगत असून मात्रा कमी होण्याचे कारण अनुपलब्धता हे आहे.

मिश्रणाचा खर्च मंजूर झाला. आयसोल्युसीन आणि व्हॅलीन यांच्या सुट्या मात्रांचाही झाला; ल्युसीन आवरताना ही दोन आम्ले प्रमाणाबाहेर खाली जातात, आणि आयसोल्युसीन फार कमी झाले तर त्वचेवर जखमांसारखे चट्टे उठतात, म्हणून ती वेगळी द्यावी लागतात. अल्पप्रथिन पीठ आणि शेवया मात्र नाकारल्या गेल्या, कारण त्या नेहमीच्या किराण्याच्या जागी वापरल्या जातात असे परीक्षकांचे मत पडले. येथे मी त्यांच्याशी सहमत नाही. अशा मुलांची ऊर्जा ल्युसीन न वाढवता भरून काढायची, तर हे पदार्थ लागतातच, आणि ऊर्जा कमी पडली की स्नायू मोडण्याचे तेच चक्र सुरू होते. पण हेही मान्य करावे लागते, की पिठासाठी तसा थेट हिशेब मांडून दाखवणे कठीण आहे आणि आमच्या अपिलात तो नव्हता. मागील थकबाकीपैकी पहिल्या अपिलानंतरच्या काळाचीच रक्कम मिळाली.

मंजुरी 12 महिन्यांपुरती आहे. पुढच्या महिन्यात तिचे नूतनीकरण आहे, आणि मुलीचे वजन आता 13.4 किलो असल्याने प्रथिनांची गरज, सोसणारे ल्युसीन आणि पावडरीची मात्रा हे सर्व आकडे नव्याने काढून पाठवायचे आहेत. ते काम निम्मे झाले आहे. आमच्या विभागाच्या संगणकात मात्र ही पावडर अजून ‘आहारपूरके’ याच सदराखाली छापली जाते, त्यामुळे दर महिन्याला चिठ्ठी निघाली की तो शब्द खोडून वर ‘उपचारमिश्रण’ असे हाताने लिहायचे आणि शेजारी सही करायची, असे सध्या चालू आहे. सदर बदलण्यासाठीचा अर्ज मी दिलेला आहे.